पैनगंगेच्या पुलावरचे 48 तास

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, आदिलाबाद
मा. जिल्हाधिकारी, यवतमाळ व नांदेड
मा. सचिव, आरोग्य विभाग, तेलंगणा व महाराष्ट्र

विषय: सीमेवरून वारंवार ये-जा करणाऱ्यांसाठी साथीच्या काळातला चाचणीचा नियम




कोरोनाचे नाव काढले की आता लोक विषय बदलतात. तरी हे पत्र आजच लिहितो आहे, कारण साथ ऐन भरात असताना लिहिलेली पत्रे कोणी वाचत नाही. तेव्हा तुम्हाला जेवायला सवड नसते आणि रात्री निघालेला आदेश सकाळी नाक्यावर लागू झालेला असतो. हा नियम शांतपणे, दोन्ही बाजूंनी एका टेबलाशी बसून लिहिण्याचा आहे, आणि तो साथ नसतानाच लिहिता येतो.

मी तेलंगणातल्या जैनद मंडलातला. खत-बियाण्यांचे दुकान आहे. गिऱ्हाईक निम्मे अलीकडचे, निम्मे पैनगंगेपलीकडचे. आमच्या भागात नदीला कोणी सरहद्द म्हणत नाही. 1956 पूर्वी किनवट आणि राजुरा हे तालुकेही आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भाषावार राज्ये झाली, कागदावर रेघ आली, सोयरिकी मात्र रेघ पाहून झाल्या नाहीत. बेला, जैनद, तामसी या मंडलांत घराघरांत मराठी चालते. पाटणबोरीचा माणूस दवाखान्यासाठी आदिलाबादला रिम्समध्ये येतो, आमचा माणूस बाजाराला पांढरकवड्याला जातो. कापसाच्या हंगामात तिकडच्या गाड्या इकडच्या मार्केट यार्डात लागतात. हे सगळे तुम्हाला माहीत आहे. 2021 च्या मे महिन्यातल्या आदेशांना मात्र ते माहीत नव्हते.

महाराष्ट्राच्या 12 मे 2021 च्या आदेशाने राज्यात कोणत्याही वाहनाने येणाऱ्या प्रत्येकाला आरटीपीसीआर निगेटिव्हचा अहवाल सक्तीचा केला. अहवाल प्रवेशाच्या आधी जास्तीत जास्त 48 तासांतला हवा. त्याच आदेशात मालगाड्यांसाठी वेगळी ओळ होती: चालक आणि क्लीनर असे दोघेच, अहवाल तसाच 48 तासांतला, पण एकदा काढला की सात दिवस चालेल. म्हणजे लिहिणाऱ्याला प्रश्न कळलेला होता. जो माणूस पुन्हा पुन्हा येणार आहे, त्याला दर खेपेला नाकात काडी घालायला लावणे शक्य नाही, हे त्याने ट्रकवाल्यापुरते ओळखले होते. सिमेंटच्या गाडीला सात दिवस आणि बाळंतिणीच्या नवऱ्याला दोन, हा हिशोब कुठल्या वैद्यकशास्त्रात बसतो, ते मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

बाळंतिणीचा नवरा मी उगाच आणलेला नाही. आमच्या गल्लीतली एक मुलगी त्या मे महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. जावई पाटणबोरीकडचा, म्हणजे पुलापलीकडे घटकाभराच्या अंतरावरचा. लेकराचे तोंड पाहायला तो मोटारसायकलवर यायचा. यायला अडचण कमी. पण आपल्याच घरी परत जायचे, तर ते महाराष्ट्रात 'प्रवेश करणे' ठरत होते. त्यातून तेलंगणातही 12 मेपासून लॉकडाऊन लागला होता आणि मोकळीक होती सकाळी 6 ते 10 एवढीच. या चार तासांत स्वॅब द्यायचा, आधी दिलेल्या स्वॅबचा अहवाल घ्यायचा आणि पूल ओलांडायचा. आठ-दहा दिवसांनी तो पुन्हा आला, तेव्हा पहिला अहवाल रद्दी झालेला. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही येऊच नका, फोनवर दाखवतो बाळ." तो आलाच. कधी नाक्यावर अडवला, कधी तसाच सोडला, ड्यूटीवर कोण आहे त्यावर. नियम पाळणाऱ्याला तो कधी लागेल आणि कधी नाही हेच कळत नसेल, तर त्याला नियम तरी कसे म्हणायचे?

त्याचा तो अहवाल मी पाहिला आहे, दुकानातल्या झेरॉक्सवर त्याची प्रत काढली म्हणून. कागदावर तीन वेळा छापलेल्या होत्या: नमुना घेतल्याची, नमुना प्रयोगशाळेत पोचल्याची आणि अहवाल दिल्याची. पहिली आणि तिसरी यांच्यात पूर्ण दोन दिवस गेलेले. आदेश मोजत होता तो शेवटच्या वेळेपासून. म्हणजे नाक्यावर ताजा ठरलेला माणूस खरे तर चार दिवसांपूर्वी निगेटिव्ह असू शकत होता. मधल्या चार दिवसांत तो लग्नात जेवला की मयतीला गेला, याची त्या कागदाला खबर नव्हती. उलट स्वॅब देऊन त्याच संध्याकाळी अहवाल मिळालेला आणि चौथ्या दिवशी सकाळी पुलावर पोचलेला माणूस शिळा. रोग नाकात असतो, छापखान्यात नाही. मोजायचेच असेल तर स्वॅब घेतल्याच्या घटकेपासून मोजा.

पैशाचेही एकदा पाहून टाकू. महाराष्ट्राने 31 मार्च 2021 पासून खासगी प्रयोगशाळेतल्या आरटीपीसीआरचा दर 500 रुपयांवर आणला, हे चांगलेच केले. पण त्या वर्षी रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात 248 आणि तेलंगणात 245 रुपये होती. एका खेपेच्या चाचणीला दोन दिवसांची मजुरी. सरकारी केंद्रात चाचणी फुकट होती खरी, पण रांगेत गेलेला दिवस फुकट नव्हता.

आणि हे सगळे नको आहे, असे देशातली सर्वोच्च संस्था आधीच सांगून बसली होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, आयसीएमआरने, 4 मे 2021 ला सूचना काढली: प्रयोगशाळांवरचा ताण कमी करण्यासाठी, आंतरराज्य प्रवास करणाऱ्या निरोगी माणसांच्या आरटीपीसीआरची अट पूर्णपणे काढून टाकता येईल, आणि जो एकदा पॉझिटिव्ह आला त्याची आरटीपीसीआर पुन्हा करू नये. या सूचनेनंतर आठच दिवसांनी वरचा आदेश निघाला. राज्याला आपला निर्णय घेण्याचा अधिकार आहे, तो मी नाकारत नाही. पण त्या दिवसांत प्रयोगशाळांत नमुन्यांचे ढीग पडलेले होते. खरोखर ताप-खोकला असलेल्याचा अहवाल यायला उशीर होत होता आणि त्याच यंत्रावर आमच्या जावयाचा प्रवासाचा नमुना फिरत होता, हे विसरू नका.

सूचनेतला दुसरा भाग सीमेवर जास्त महत्त्वाचा आहे. बरा झालेला माणूस कित्येक आठवडे आरटीपीसीआरमध्ये पॉझिटिव्ह दिसू शकतो; विषाणूचे मेलेले तुकडे सापडतात, त्यापासून दुसऱ्याला लागण होत नाही. गावातच राहणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. पण ज्याला दर आठवड्याला पूल ओलांडायचा आहे, तो बरा होऊनही अडकतो. ज्याची चाचणी जास्त वेळा, तोच जास्त अडकणार, हे साधे गणित आहे. त्याच्याकडचा बरे झाल्याचा दाखला चालला असता, तर प्रश्न मिटला असता. दोन महिन्यांनी लशीचे दोन डोस हाच दाखला झाला: 15 जुलै 2021 पासून महाराष्ट्राने दुसरा डोस घेऊन ठरावीक दिवस झालेल्यांना चाचणीतून सूट दिली. ते स्वागतार्ह होते. पण पेरणी तोवर आटोपली होती.

हा प्रश्न एकट्या पैनगंगेचा नव्हता. आमच्यापासून समुद्र फार लांब, तरीही सांगतो: 2021 मध्ये अमेरिकेतून पर्यटनाची मोठी जहाजे पुन्हा सुटू लागली, तेव्हा तिथेही नेमका हाच पेच पडला. एक सफर संपवून, जहाजावरून न उतरता लगेच दुसऱ्या सफरीला निघणारे काही हौशी प्रवासी असतात. त्यांनी चाचणी कुठे करायची? बंदरावर उतरून प्रयोगशाळा शोधायची? तोवर जहाज सुटेल. पुष्कळ कंपन्यांनी ती चाचणी जहाजावरच, पहिली सफर संपता संपता करून टाकली. माणूस वारंवार येणारा आहे ना, मग चाचणी त्याच्यापर्यंत न्या, एवढी साधी गोष्ट. आपल्याकडे 2022 च्या जानेवारीत मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलिया जहाजावर मुरगावला 66 जण पॉझिटिव्ह निघाले, जहाज परत मुंबईला आले, तिथे पुन्हा सगळ्यांची चाचणी झाली. बातम्या आठवडाभर चालल्या. पुलावर थांबलेल्या ऑटोची बातमी होत नसते, म्हणून हे पत्र.

त्याहून जवळचे उदाहरण घ्या. निपाणीजवळचा कोगनोळी नाका कोल्हापूरकरांना चांगला आठवत असेल. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कर्नाटकाने 72 तासांतला अहवाल मागितला आणि लोक पुष्कळ चिडले. पण 2021 च्या जुलैअखेरच्या त्यांच्या आदेशात एक शहाणपणाची ओळ होती: शिक्षणासाठी, व्यवसायासाठी रोज ये-जा करणाऱ्यांनी 15 दिवसांतून एकदा चाचणी करावी. घरातला मृत्यू आणि तातडीचे उपचार यांना सूट. मी मागतो ते यापेक्षा फार वेगळे नाही. कडकपणात ज्या राज्याचे नाव झाले, त्यालाही हे सुचले होते.

मागणे सांगतो. सीमेला लागून असलेली मंडले आणि तालुके यांची नावे दोन्ही राज्यांनी आधीच ठरवून ठेवावीत: आमच्याकडे बेला, जैनद, तामसी, भीमपूर; पलीकडे केळापूर, झरी जामणी, किनवट, माहूर. तिथल्या रहिवाशाची चाचणी खेपेवर नको, दिवसांवर हवी. ट्रकवाल्याला दिलेले सात दिवस त्यालाही द्या, मग त्या सात दिवसांत तो एकदा जावो की दहा वेळा. रिम्सचा अहवाल पाटणबोरीला चालावा आणि पांढरकवड्याचा भोरजच्या नाक्यावर. प्रसूती, अपघात, मयत या तीन कारणांना अहवाल मागू नये. शंका वाटली तर नाक्यावरच अँटिजेन करा, अर्ध्या तासात निकाल मिळतो. आरटीपीसीआरपेक्षा ती कच्ची चाचणी आहे, मान्य. पण वारंवार जाणाऱ्याची आठवड्याला झालेली कच्ची चाचणी, एकदाच झालेल्या पक्क्या चाचणीपेक्षा पुष्कळदा जास्त कामाची ठरते. रुग्णवाहिका तर अडवायचीच नाही. 2021 च्या मे महिन्यात आंध्रातून येणाऱ्या रुग्णवाहिका तेलंगणाने पुल्लूरच्या नाक्यावर अडवल्या आणि उच्च न्यायालयाला 14 मे रोजी स्थगिती द्यावी लागली. तशी पाळी पुन्हा कोणावर येऊ नये. आणि आदेशाची एक प्रत मराठीत, एक तेलुगूत, दोन्ही बाजूंच्या ग्रामपंचायतींच्या फळ्यावर लावा.

तुम्ही म्हणाल, असा सात दिवसांचा पास दिला की त्याच्या झेरॉक्सी निघतील. निघतील. झेरॉक्सचे मशीन माझ्याच दुकानात आहे, मला कोणी सांगायला नको. पण न झेपणारा नियम केला की पूर्ण खोटे अहवाल तयार होतात. महाराष्ट्रात त्या काळात असे अहवाल विकणारे ठिकठिकाणी पकडलेही गेले. पासाचा गैरवापर एकवेळ तपासता येतो, खोट्या अहवालावर निर्धास्त फिरणारा बाधित माणूस मात्र कोणालाच सापडत नाही.

मी चाचणीच्या विरोधात नाही, हेही लिहून ठेवतो. 2021 च्या फेब्रुवारीत यवतमाळ, अमरावती, अकोल्यात रुग्ण वाढले, तेव्हा आमच्या बाजूने सावध होणे योग्यच होते. मे महिन्यात काटा उलटा फिरला आणि पलीकडची बाजू सावध झाली. तक्रार सावधपणाची नाही. एका राज्याने दुसऱ्याला न विचारता केलेल्या नियमाची आहे.

आणि विचारणे अवघड नाही, याचा पुरावा आमच्या नदीवरच आहे. 23 ऑगस्ट 2016 ला मुंबईत दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी चनाखा-कोरटा बंधाऱ्याचा करार केला. पाणी किती मीटरपर्यंत अडवायचे, 213, एवढ्या बारकाईने तो ठरला. पाण्याच्या मीटरसाठी जे बसू शकले, ते चाचणीच्या दिवसांसाठीही बसू शकतात. निवडणूक आली की सीमेवरच्या जिल्ह्यांचे अधिकारी दारू-पैशाच्या बंदोबस्तासाठी संयुक्त बैठक घेतातच. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा एक विषय घाला. असा नियम कुठे आधीच लिहून ठेवलेला असेल, तर त्याची प्रत आमच्या पंचायतीला पाठवा. मी ती दुकानाच्या दारावर स्वतःच्या खर्चाने चिकटवतो.

या पत्राच्या प्रती पाचही कार्यालयांना टपालाने पाठवल्या आहेत. उत्तर एकाच कार्यालयाकडून आले तरी चालेल, पण त्यावर दोन्ही राज्यांच्या सह्या असाव्यात.

आपला,
एक दुकानदार, जैनद मंडल, जि. आदिलाबाद