त्रेपन्न की पन्नास तीन?
माझी मैत्रीण गणेशपुरीत राहते, सात वर्षांच्या लेकीला घरीच शिकवते. सध्या तिला एकच टेन्शन : गणिताचं पुस्तक कुठलं? सिंगापूरची पुस्तकं झकास, पण महाग. शिवाय मराठी आकड्यांची गोची त्यांना काय ठाऊक? लेक 'त्रेपन्न' ऐकते आणि लिहिते ३५! शब्दातच तीन आधी येतो, तिचं काय चुकलं? पण 'मला गणित येत नाही' हे ती आत्ताच म्हणायला लागलीय.

याचसाठी २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' आलं. केवढी टिंगल झाली! गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांचं म्हणणं मला मात्र पटतं. माझं मत बालभारतीला. पीडीएफ फुकट आहे, बॉस! लिहिताना पन्नास तीन, वज्रेश्वरीच्या बाजारात त्रेपन्न. भाजीवाली मावशी थोडीच थांबणार आहे?