कॉम्प्युटर ‘नाही’ म्हणतो तेव्हा



मुलामुलींच्या शिष्यवृत्तीचा अर्ज अडला की खिडकीवरचा माणूस सांगतो, “कॉम्प्युटर घेत नाही.” आम्हा कारकून मंडळींचे हे मोठे सोयीचे वाक्य. पण यंत्राच्या ‘नाही’मागे कुठली तरी अट असते, आणि ती दाखवता येते.

समजा, आपल्या जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत तीन रविवारांत आरोग्य शिबिरे घ्यायची आहेत. डॉक्टर आणि कार्यकर्ते तेच, म्हणून शेजारच्या तालुक्यांना एकच रविवार नको. नुसत्या वाटण्याच ६५६१ होतात. राज्याच्या ३६ जिल्ह्यांसाठी हा आकडा १८ अंकी होतो. सेकंदाला शंभर कोटी वाटण्या तपासल्या तरी साडेचार वर्षांवर लागतील.

म्हणून आधी चित्र काढतात. तालुका म्हणजे ठिपका, शेजार म्हणजे रेघ. याला ग्राफ म्हणतात. ज्या ठिपक्याला तीनपेक्षा कमी रेघा, तो पुसायचा. त्याचे शेजारी फार तर दोन रविवार अडवतील, एक त्याला उरणारच! टोकाचा परंडा असा निघाला की भूमची एक रेघ कमी होते. नियमाने चित्र असे बदलत नेणे म्हणजे ग्राफ ट्रान्सफॉर्मेशन.

मोठ्या नकाशात शेवटी जो गुंता उरतो, तो ‘सॅट सॉल्व्हर’ नावाच्या प्रोग्रामकडे जातो. त्याला फक्त खरे-खोटे कळते. “कळंबला पहिला रविवार” हे खरे धरून तो पुढे जातो. अटींशी भांडण झाले की मागे फिरतो आणि ती वाट पुन्हा धरू नये म्हणून नवी अट टिपून ठेवतो. अशी असंख्य कोडी या एकाच साच्यात बसतात, हे स्टीफन कुक यांनी १९७१ साली दाखवले. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी १९९० साली सहकाऱ्यांसह आपली वेगळी पद्धत याच प्रश्नावर चालवून पाहिली. त्याच आयआयटीचे सुप्रतिक चक्रवर्ती यांनी २०१३ साली दोघा सहकाऱ्यांबरोबर, अशा कोड्याला अंदाजे किती उत्तरे आहेत हे मोजण्याची रीत मांडली.

उत्तर ‘हो’ असेल तर तपासणे सोपे. वाटणी समोर असते. ‘नाही’ असेल तर? आजचे चांगले सॉल्व्हर त्याचा पुरावा पायरीपायरीने लिहून देतात आणि दुसरा प्रोग्राम तो तपासतो. २०१६ साली गणितातल्या एका ‘नाही’चा असा पुरावा सुमारे २०० टेराबाइटचा झाला. मात्र कोणता ठिपका कोणत्या नियमाने पुसला, याचीही नोंद हवी. नाहीतर पुरावा अर्धाच.

एवढ्या अवघड कोड्याचा ‘नाही’ लेखी मिळतो. अर्ज अडला तर खिडकीवर विचारा, “कितवी अट? लिहून द्या.”