चेन तुटलेला स्वेटर

डिसेंबरात आमच्या हॉस्टेलवर 'डोनेशन ड्राइव्ह'चा बॉक्स आला. सातपुड्यातल्या पाड्यांवर वाटायला मीही एक स्वेटर टाकला. त्याची चेन तुटलेली होती, हे मला माहीत होतं! वाटपाचे फोटो मात्र नोटीस बोर्डावर झळकले.

मग फाल्गुनात अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीला, राजवाडी होळीला गेले. तिथे होळीचा खड्डा कुदळीने नाही, हातांनी खणतात. बावा-बुध्या अंगभर नक्षी काढून, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालून, रात्रभर ढोलावर नाचतात. त्यासाठी आधी काही दिवस व्रत पाळून जमिनीवर झोपतात. होळी पेटते ती पहाटे. आपल्या गॅदरिंगच्या आर्ट गॅलरीत चित्रं भिंतीवर असतात, इथे ती अंगावर!

पहाटे मी गारठले होते. एका आजींनी काही न विचारता स्वतःची चादर माझ्या खांद्यावर टाकली. फोटो कुणीच काढला नाही.

मित्रमैत्रिणींनो, ड्राइव्ह बंद करा असं मी म्हणत नाही. थंडी खरी आहे, गरजही खरी आहे. पण वर्षातून एकदा तरी रिकाम्या हाताने, पाहुणे म्हणूनही तिथे जाऊ या. कॉन्व्हेंटमध्ये 'शेअरिंग'वर खूप ऐकलं होतं. त्यात घेणंही येतं, हे काठीला कळलं.

पुढच्या डिसेंबरात बॉक्सवर मी लिहिणार आहे : स्वतः घालाल तेच टाका.