टाकीतल्या पाण्याचा धडा

अमेरिकेत हिवाळा उतरू लागला, की उत्तरेकडील राज्यांतून आणि कॅनडातून असंख्य मोटारघरे दक्षिणेची वाट धरतात. निजावयाची, रांधावयाची, स्नानाची सोय असलेली ही चाकांवरील घरे. आणि त्यांत बहुधा सेवानिवृत्त जोडपी. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातील क्वार्ट्झसाइट हे त्यांचे आवडते ठिकाण. २०२० च्या जनगणनेनुसार गावाची वस्ती अडीच हजारांच्याही आत; पण थंडीत भोवतीचा माळ मोटारघरांनी भरून जातो. तेथील सरकारी जमिनीवर एरवी सामान्यतः १४ दिवसांचाच मुक्काम करता येतो. १९८३ पासून मात्र काही ठिकाणी परवाना काढून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहण्याची मुभा आहे.

या प्रवासास स्वातंत्र्याचा उत्सव म्हटले जाते. आमच्या मते त्याची खरी शिकवण निराळी, हिशेबाची आहे. माळावर नळ नाही. मोटारघराच्या एका टाकीत स्वच्छ पाणी, दुसरीत सांडपाणी, तिसरीत शौचालयाचा मैला. पहिली रिती झाली वा इतर भरल्या, की मुक्काम हलविण्यावाचून गत्यंतर नाही. त्यामुळे घरी नळ सोडून दात घासणारा गृहस्थ येथे तांब्याभर पाण्यात भांडी विसळू लागतो. उपदेशाने जे साधत नाही, ते टाकीचा काटा साधतो.

या माळापासून पश्चिमेस सुमारे ३० किलोमीटरवर कोलोरॅडो नदी वाहते. तिला मात्र असा काटा कोणी लावला नाही. १९२२ च्या कराराने वरच्या व खालच्या खोऱ्यांना प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट पाणी वाटून दिले. १९४४ च्या तहाने मेक्सिकोला आणखी १५ लाख. मूळ वाटणीचा आधार होता तो भरपूर पाण्याच्या वर्षांचा. परिणामी नदीत नसलेले पाणीही कागदावर वाटले गेले. त्या भरवशावर शेते फुलली, फिनिक्ससारखी महानगरे वाढली. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये खालच्या खोऱ्यात प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर करावी लागली, आणि सर्वांत मोठी कपात अ‍ॅरिझोनाच्याच वाट्यास आली.

कोणी म्हणेल, दोघांच्या टाकीचा न्याय सुमारे चार कोटी लोकांच्या नदीस कसा लावावा? शंका रास्त आहे. टाकी संपली तर मोटारघर गावात जाऊन ती भरून आणते. नदीला असे दुसरे गाव नाही. पण म्हणूनच तिचा हिशेब अधिक कठोर हवा. पाण्याच्या वाटणीस बसणाऱ्यांनी करारातले आकडे नव्हे, नदीतले पाणी मोजावे. माळावरच्या म्हाताऱ्या जोडप्याला जे उमगते, ते राज्यांना उमगू नये असे थोडेच आहे?