फुलपाखरे आणि शेताचा बांध

औंढा नागनाथ येथील ज्योतिर्लिंगास जो बेल वाहिला जातो, त्याच बेलाच्या कोवळ्या पानांवर लिंबावरील फुलपाखराची अळी पोसली जाते. काळ्या टोकांचे केशरी फुलपाखरू रुईवर अंडी घालते. फिकट पिवळी फुलपाखरे तरोट्यावर वाढतात. मध पुष्कळ फुलांत मिळतो. अळीस मात्र ठराविक पालाच लागतो. तो नाहीसा झाला की फुलबागा लावूनही फुलपाखरे वाढत नाहीत.

हा पाला मुख्यतः शेताच्या बांधावर व धुऱ्यावर असतो. सोयाबीन व हळदीच्या शेतातील तण काढणे अवश्य आहे. परंतु तणनाशकाचा तोच फवारा बांधावरही मारणे हा निव्वळ सवयीचा भाग होय. बांधावरील तण शेतात पसरेल ही भीती निराधार नाही. त्यावर उपाय असा की, तरोटा बी धरण्यापूर्वी कापावा, परंतु सारा बांध एकाच दिवशी साफ न करता टप्प्याटप्प्याने करावा. गाजरगवत मात्र राखू नये. लिंबाच्या लहान रोपांवरील अळ्या हाताने वेचाव्यात. मोठ्या झाडास थोड्या अळ्यांनी विशेष अपाय होत नाही.

फुलपाखरे कमी झाली, असे पुष्कळांचे म्हणणे असते. मोजल्यावाचून ते सिद्ध होत नाही. ब्रिटनमध्ये १९७६ सालापासून निरीक्षक नेमलेल्या वाटेने ठराविक काळाने चालतात आणि दोन्ही बाजूंस अडीच मीटरच्या आत दिसलेली फुलपाखरे टिपतात. ही रीत औंढ्याच्या कोणत्याही गावी विनाखर्च चालू शकेल. श्रावण ते कार्तिक या काळात, उघडीप असताना, आठवड्यातून एकदा, सकाळी त्याच वेळी त्याच बांधावरून चालावे व वहीत रंगवार संख्या लिहावी. शाळेतील मुले हे काम उत्तम करतील. पावसाच्या मानाने संख्या वर्षागणिक कमीजास्त होते. म्हणून एका वर्षावरून निष्कर्ष न काढता अनेक वर्षांच्या नोंदी ताडून पाहाव्यात.

महाराष्ट्र शासनाने २०१५ साली नीलवंत या जातीस राज्य फुलपाखराचा मान दिला. तो मान योग्यच आहे. परंतु रुई-तरोट्यावरील साध्या फुलपाखरांचे भवितव्य शेतकऱ्याच्या विळ्यावर व पंपावर अवलंबून आहे. एक बांध फवाऱ्याविना राखावा, दुसरा नेहमीप्रमाणे ठेवावा, आणि दोहोंवरील संख्या वहीत मांडावी. कोणाच्या उपदेशापेक्षा ती वहीच शेतकऱ्यास अधिक पटेल.