करारनाम्याची परिशिष्टे

आपली विद्यापीठे आणि परदेशांतील विद्यापीठे यांच्यामध्ये जे नवे संबंध झपाट्याने जुळू लागले आहेत, त्यांकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे आम्हांस अगत्याने वाटते. जून २०२५ मध्ये ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि इलिनॉय टेक ही चार विद्यापीठे व इटलीतील एक नामांकित डिझाइन संस्था अशा पाच संस्थांना मुंबई व नवी मुंबई परिसरात आपली विद्यासंकुले उभारण्यासाठी इरादापत्रे समारंभपूर्वक देण्यात आली. त्याआधी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये संयुक्त पदव्यांचे आणि २०२३ मध्ये परदेशी विद्यासंकुलांचे नियम जारी करून या सर्व व्यवहाराला कायद्याची वाट मोकळी करून दिली होती. ज्या घरांतून मुलाला परदेशी पाठविण्यासाठी जमीन गहाण पडते किंवा आईचे दागिने बँकेत जातात, त्या घरांना या वार्तेने दिलासा वाटला असेल, तर तो वाटणे रास्तच आहे. परंतु विद्येच्या क्षेत्रातील दोन संस्था हातात हात घालतात तेव्हा पुढे कोणी चालायचे आणि मागून कोणी यायचे हे कोणत्या क्षणी व कोणत्या कागदावर ठरते, याची विचारपूस आपल्याकडे फारशी होत नाही.

सामंजस्य कराराचे पहिले पान सर्वत्र सारखेच असते. परस्पर आदर, ज्ञानाची देवाणघेवाण, समान उद्दिष्टे असा उदात्त मजकूर त्यावर असतो, कुलगुरूंच्या स्वाक्षऱ्या होतात, छायाचित्र निघते आणि करारनामा चौकटीत बसून दालनाच्या भिंतीवर जातो. बरोबरीचा निकाल मात्र त्या पानावर लागत नसून मागाहून जोडलेल्या परिशिष्टांत लागतो. मुख्य संशोधक कोण, पैसा कोणाच्या खात्यात जमा होणार, गोळा केलेली माहिती व नमुने कोणाच्या ताब्यात राहणार, निबंधावर कोणाचे नाव आधी येणार आणि मुदत संपल्यावर यंत्रसामग्री व ग्रंथालयाची वर्गणी यांचे काय होणार, ही सर्व कलमे तेथे असतात, आणि समारंभाला आलेल्यांपैकी फारच थोड्यांनी ती वाचलेली असतात.

एकच कलम जरा जवळून पाहावे. संशोधनाला अनुदान मिळते तेव्हा प्रयोगाच्या प्रत्यक्ष खर्चाखेरीज इमारत, वीज, हिशेबनीस, ग्रंथालय यांसाठी संस्थेला वेगळा हिस्सा द्यावा लागतो, कारण या गोष्टींवाचून कोणतीही प्रयोगशाळा एक दिवसही चालत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अनुदानांत तेथील मोठ्या विद्यापीठांना हा हिस्सा वाटाघाटीने ठरून बहुधा शेकडा ५० च्या वर मिळत आला आहे. परदेशी संस्थेसाठी मात्र त्यावर दीर्घकाळ शेकडा ८ ची मर्यादा राहिली आहे. एकच संशोधन दोन ठिकाणी चालते, दोन्हीकडे दिवे सारखेच जळतात, आणि तरीही एका संस्थेची तिजोरी त्या कामाने भरत जाते व दुसरी संस्था आपल्या पदरचे घालून ते काम पुरे करते. दहा-वीस वर्षे हा शिरस्ता चालला म्हणजे पहिल्या संस्थेत नवे विभाग उभे राहतात, दुसरीत मुदतबंदीवर नेमलेले साहाय्यक करार संपताच पांगतात, आणि मग पुढच्या कराराच्या वेळी तुमच्याकडे क्षमता कोठे आहे, असे पहिलीने दुसरीला विचारावे यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. सन २०२२ मध्ये केपटाउन येथे भरलेल्या जागतिक परिषदेतून संशोधनातील न्याय्य सहकार्यासंबंधी जे निवेदन सिद्ध झाले, त्यात २० शिफारशी आहेत, आणि विषय ठरविण्यापासून श्रेय वाटण्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर दुर्बल पक्षाला वाटा मिळावा हाच त्यांचा रोख आहे.

असे सहकार्य हे केवळ परिषदांतील स्वप्न होय असे कोणी म्हणेल, तर त्याला आम्ही पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या दारात नेऊ. महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावी ही कल्पना मोरित्स विंटरनित्स यांनी १८९७ मध्ये पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत मांडली. युरोपातील विद्वत्सभांनी ती उचलून धरली, बर्लिनच्या हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९०८ मध्ये नमुन्याची पाने छापून दाखविली, आणि मग महायुद्ध सुरू होऊन सर्व मसलत थांबली. पुण्यात १९१७ साली स्थापन झालेल्या या लहानशा संस्थेने १९१९ मध्ये तेच कार्य स्वतःच्या शिरावर घेतले, तेव्हा तिच्यापाशी औंधाच्या पंतप्रतिनिधींसारख्यांचा आश्रय आणि शास्त्र्यांचे परिश्रम यांपलीकडे विशेष काही नव्हते. सन १९२५ मध्ये संपादनाची धुरा विष्णु सीताराम सुखठणकर यांच्याकडे आली. केंब्रिजमध्ये गणित आणि बर्लिनमध्ये ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत शिकलेला हा पुरुष युरोपीय पद्धतीचा जाणकार होता. पण ज्या ग्रंथाचा मूळ एकच लेखक आणि एकच मूळ प्रत गृहीत धरता येत नाही, अशा ग्रंथाला ग्रीक-लॅटिन ग्रंथांचे नियम जसेच्या तसे लावता येणार नाहीत हे ओळखून त्याने संपादनाचे नियम पुण्यात, हस्तलिखितांच्या साक्षीने, नव्याने घडविले.

त्या कामाचे स्वरूप डोळ्यांपुढे आणल्याखेरीज त्यातील अधिकार कळणार नाही. आखलेल्या कागदावर श्लोकाचे एकेक अक्षर एकेका चौकोनात लिहायचे, आणि त्याखाली काश्मिरी शारदेपासून मलयाळीपर्यंतच्या लिप्यांतील पोथ्यांचे पाठभेद अक्षरागणिक नोंदवीत जायचे, असा तो क्रम होता. पुण्याप्रमाणेच शांतिनिकेतन व तंजावर येथेही हे काम चाले, परंतु त्याची शिस्त पुण्याची होती. आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये बाहेर पडला, आणि पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या प्राच्यविद्या परिषदेने तो पाहून असा ठराव केला की, महाभारताच्या आवृत्तीचे कार्य पुण्याकडेच राहावे आणि युरोपात झालेली पाठभेदांची नोंदही पुण्याच्या स्वाधीन करावी. तीस वर्षे ज्या कल्पनेचे पालकत्व युरोपने केले, ती त्याने अशा रीतीने एका परतंत्र देशातील संस्थेला देऊन टाकली. ती कल्पना प्रथम मांडणाऱ्या विंटरनित्स यांचे मोठेपण आम्हांस त्यांच्या ग्रंथांपेक्षाही तिच्यावरचा हक्क असा सोडून देण्यात अधिक दिसते. पुढे सभापर्वाचे संपादन येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी केले व ते १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. या अमेरिकन प्राध्यापकाने पुण्यात ठरलेल्या नियमांप्रमाणे, पुण्याने पुरविलेल्या पाठभेदांवर आपले पर्व सिद्ध केले, आणि त्यात त्याच्या विद्वत्तेला तिळमात्र कमीपणा आला नाही. संपूर्ण आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली. सुखठणकर ते पाहण्यास नव्हते, १९४३ च्या जानेवारीतच त्यांचे निधन झाले होते.

नजीकच्या काळातील उदाहरणही पुण्याचेच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास आरंभिला, आणि त्यात साउदम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल व त्यांचे सहकारी सामील झाले. साउदम्प्टनला डेव्हिड बार्कर यांनी मांडलेला सिद्धान्त असा होता की, प्रौढपणी जडणाऱ्या हृद्रोग-मधुमेहाची बीजे गर्भावस्थेतील कुपोषणात असतात. तो पुण्याच्या बालकांना लावून पाहणे एवढेच काम ठेवले असते, तरी निबंध निघालेच असते. पण येथील वैद्याला रोज दिसणारे कोडे निराळे होते: अंगाने किरकोळ दिसणाऱ्या आपल्या माणसाला मधुमेह इतक्या लवकर का गाठतो? दोन्ही ठिकाणच्या बालकांची मापे शेजारी ठेवली तेव्हा पुण्याचे बालक सरासरी २.७ किलो आणि साउदम्प्टनचे ३.५ किलो भरले. स्नायू व पोट या मापांत आपले बालक पुष्कळच उणे ठरले, पण त्वचेखालील मेद मात्र त्याने जवळजवळ राखून ठेवला होता. या निष्कर्षाचा निबंध २००३ मध्ये आला व त्यावर पहिले नाव याज्ञिकांचे होते. प्रश्न ज्याच्या अंगणातला, त्यानेच तो विचारावा आणि दूरच्या मित्राने आपले मोजमाप व आपली बालके तुलनेसाठी पुढे करावी, अशी सहकार्याची रीत आम्हांस अनुकरणीय वाटते.

सोव्हिएत साहाय्याने, युनेस्कोमार्फत, १९५८ मध्ये सुरू झालेली पवईची तंत्रज्ञान संस्थाही येथे आठवते. यंत्रे व तज्ज्ञ तिकडून आले, परंतु संस्था प्रथमपासून भारताची होती आणि पाहुण्यांच्या परतण्याची तरतूद त्यांच्या येण्यातच केलेली होती.

आता आजच्या नियमांकडे वळू. संयुक्त पदवीसाठी दोन्ही संस्थांकडून किमान शेकडा ३० श्रेयांक मिळविले पाहिजेत, ही अट चांगली आहे. परंतु परदेशी संस्था जागतिक क्रमवारीच्या पहिल्या १,००० मध्ये असावी आणि भारतीय संस्थेला मूल्यांकनात किमान ३.०१ गुण असावेत किंवा राष्ट्रीय क्रमवारीच्या पहिल्या १०० मध्ये स्थान असावे, या अटींनी मराठवाड्यातील वा कोकणातील एखाद्या कष्टाळू महाविद्यालयाला दार जवळजवळ बंदच होते. दुष्काळी शेतीवर काम करणाऱ्या आपल्या एखाद्या महाविद्यालयाला केनिया किंवा इथिओपियातील तशाच संस्थेशी नाते जोडावेसे वाटले, तर त्या नात्याची योग्यता लंडनमध्ये तयार होणाऱ्या यादीने का ठरावी? विद्यासंकुलांच्या बाबतीतही शुल्क ठरविण्याचा अखत्यार परदेशी संस्थेला आणि शिल्लक मायदेशी नेण्याची मुभा तिलाच, असा बंदोबस्त आहे. त्या संस्थांनी येथील ग्रंथालये, येथील शिक्षक, येथील भाषा यांसाठी काय द्यावे, याविषयी मागणी करण्याचे धैर्य आपण अद्याप दाखविलेले नाही.

आणि ही मागणी करताना आपल्याही वर्तनाची झडती घेणे आवश्यक आहे. मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेने २०२३ मध्ये झांझिबारला विद्यासंकुल उघडले. तेथे बलवान पक्ष आपण आहोत. पुण्यात शिकणाऱ्या आफ्रिकी व अफगाण विद्यार्थ्यांकडे आपण शुल्काचे साधन म्हणून पाहतो की उद्याचे सहाध्यायी म्हणून, याचे उत्तर आपल्या वसतिगृहांनी आणि घरमालकांनी द्यावयाचे आहे. मोठ्या शहरातील संशोधकाने गडचिरोलीच्या महाविद्यालयातील शिक्षकाकडून प्रश्नावल्या भरून घ्याव्या आणि निबंधाच्या तळटीपेत त्याचे आभार मानावे, ही वहिवाट तर आपल्या घरचीच आहे.

आमची सूचना साधी आहे. महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यापीठाने परदेशी संस्थेशी केलेला प्रत्येक करारनामा, परिशिष्टांसह आणि मराठीत, अधिसभेपुढे ठेवावा व सर्वांना वाचावयास मिळेल असा प्रसिद्ध करावा. आणि मुदत संपल्यावर कोणाचे किती शिक्षक तिकडे गेले, किती इकडे आले, पैसा कोठे खर्ची पडला व निबंधांवर नावे कोणत्या क्रमाने लागली, याचा ताळेबंद त्याच सभेत मांडावा. अधिसभेवर निवडून गेलेले आमचे अनेक वाचक आहेत. येत्या अर्थसंकल्पी बैठकीत त्यांनी हा प्रश्न लेखी विचारावा, अशी त्यांना आमची आग्रहाची विनंती आहे.