शेतावरील कुत्र्याचा आहार : बदल करावा, पण बेताने

मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या घरी कुत्रा हा केवळ हौसेचा प्राणी नव्हे. रात्री रानडुकरांपासून पीक राखणे, वस्तीवर परका मनुष्य आल्यास घरच्यांस जागे करणे आणि धनगराच्या कळपामागे मैलोगणती चालणे, ही कामे तो बिनबोभाट करतो. असे असूनही गाईम्हशींच्या वैरणीचा जेवढा विचार होतो, त्याच्या दशांशही विचार कुत्र्याच्या अन्नाचा होत नाही. उरलेसुरले पुढे टाकले म्हणजे कर्तव्य संपले, अशीच सर्वसाधारण समजूत आहे.

अलीकडे या समजुतीत दोन नवे प्रवाह मिसळले आहेत. छत्रपती संभाजीनगर शहरातील दुकानांत मिळणारे तयार दाणेदार खाद्य आता आसपासच्या वाड्यावस्त्यांवरही पोहोचू लागले आहे. दुसऱ्या बाजूस, कुत्रा मूळचा मांसाहारी असल्याने त्यास कच्चे मांसच मानवते, असा आग्रह धरणारेही पुष्कळ आहेत. या वादात कोणाची बाजू बरोबर, यापेक्षा दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. खुराकात एका रात्रीत बदल करू नये. आणि कापलेल्या जनावराचे कच्चे अवयव कुत्र्यास कधीही घालू नयेत.

प्रथम बदलाविषयी. कडब्यावर असलेल्या बैलास एकदम पोटभर हिरवा लसूणघास घातला, तर पोटफुगी होते, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. कुत्र्याच्या आतड्यांतही सूक्ष्म जंतूंची वस्ती असते, व ती नेहमीच्या अन्नास सरावलेली असते. अन्न अचानक बदलले की पचन बिघडून हगवण लागते. मग मालक नव्या अन्नास दोष देतो. वास्तविक दोष बहुधा घाईचा असतो.

यास्तव बदल सात ते दहा दिवसांत करावा. पहिले दोन-तीन दिवस तीन भाग जुने व एक भाग नवे अन्न द्यावे. पुढील दोन-तीन दिवस निम्मे-निम्मे, त्यानंतर एक भाग जुने व तीन भाग नवे, आणि शेवटी पूर्णपणे नवे अन्न सुरू करावे. मध्येच शौच पातळ झाल्यास एक पायरी मागे यावे. मांसावरून दाणेदार खाद्याकडे जाताना जो नियम, तोच दाणेदार खाद्यावरून भाकरीकडे येतानाही पाळावा. शहरातील घरी तयार खाद्यावर वाढलेले कुत्रे शेतावर आणले जाते, तेव्हा या नियमाची विशेष आठवण ठेवावी आणि त्याचे जुने खाद्य आठवडाभर पुरेल इतके सोबत मागून घ्यावे.

पाण्याचा हिशेबही बदलतो. ताज्या मांसात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते. कोरड्या दाण्यांत ते जेमतेम एक-दशांश असते. वैशाखातील उन्हात कोरडे खाद्य घालून पाण्याचे भांडे रिकामे ठेवणे म्हणजे मुक्या प्राण्याचा छळच होय.

आता कच्च्या मांसाविषयी. कुत्रा हा लांडग्याचा वंशज खरा. परंतु माणसाच्या संगतीत त्याचे पचन पालटले आहे. पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यांत लांडग्यांपेक्षा कितीतरी अधिक असतात, असे स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 साली दाखवून दिले. तेव्हा ज्वारी-बाजरीची भाकरी खाऊन आपल्याकडील कुत्री पिढ्यान्‌पिढ्या जगली, यात नवल नाही.

जत्रेच्या किंवा कंदुरीच्या दिवशी बकरे कापल्यावर गाठी असलेले यकृत वा फुप्फुस कुत्र्यापुढे फेकले जाते. त्या पाणीदार गाठींत एका बारीक पट्टकृमीची पिले असतात. कुत्र्याच्या आतड्यात ती सुमारे सहा-सात आठवड्यांत वाढतात. पुढे कृमीची अंडी विष्ठेवाटे अंगणात, चाऱ्यावर, भाजीपाल्यावर व पाण्यात पसरतात. ती पोटात गेली की शेळ्यामेंढ्यांच्या आणि माणसाच्याही यकृतात व फुप्फुसात तशाच गाठी वाढू लागतात. कुत्र्याशी खेळून हात न धुता जेवणाऱ्या मुलास हा धोका अधिक. गाठ वर्षानुवर्षे कळत नाही, आणि कळते तेव्हा पुष्कळदा शस्त्रक्रियेची वेळ येते. कुत्र्यावर मात्र या कृमीचे कोणतेही चिन्ह दिसत नाही. म्हणूनच लोक बेसावध राहतात.

हे चक्र तोडता येते. आइसलँडमध्ये हा रोग एकेकाळी फार माजला होता. तेथे 1864 साली या रोगाची माहिती देणारी पुस्तिका घरोघर वाटण्यात आली. कच्चे अवयव कुत्र्यास घालणे लोकांनी सोडले आणि कालांतराने रोग हटला. न्यूझीलंडने 1959 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. तेथील यशात शेतकऱ्यांच्या शिस्तीचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे हे काम आणखी निकडीचे झाले आहे. गिधाडे मेलेल्या जनावरांचा फडशा पाडीत असत. डायक्लोफेनॅक या औषधामुळे त्यांची संख्या घटली. जनावरांसाठी त्या औषधाच्या वापरावर 2006 साली बंदी आली, तरी मोकळ्या रानात टाकलेली मढी आता कुत्र्यांच्याच वाट्यास येतात. मेलेले जनावर खोल खड्ड्यात पुरणे, हाही कुत्र्याच्या आहार-नियमनाचाच भाग समजावा.

तयार खाद्य सर्वांस परवडेल असे नाही, आणि त्याची सक्तीही नको. वाढत्या पिलांस त्याचा उपयोग होतो, कारण त्यात चुना व प्रथिने मोजून घातलेली असतात. इतरांस भाकरीबरोबर शिजविलेली डाळ, उकडलेले अंडे वा शिजविलेले मांस द्यावे. नुसती भाकरी अपुरी, तसेच नुसते मांसही अपुरेच. अवयव घालावयाचेच असतील, तर ते तुकडे करून निदान अर्धा ते पाऊण तास उकळावेत. शिजविलेली हाडे मात्र देऊ नयेत; ती फुटून आतड्यास इजा करतात. कांदा घातलेला रस्साही टाळावा. जंताचे औषध पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने नियमित द्यावे. कुत्र्याने अन्नपाणी टाकले, लाळ गळू लागली वा चालचलन बदलले, तर तो खुराकाचा परिणाम मानून स्वस्थ बसू नये. पिसाळण्याची शंका धरून त्याच्या तोंडात हात न घालता तत्काळ पशुवैद्यास कळवावे.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी गोठ्याची पाहणी करताना कुत्र्याच्या भांड्याकडेही नजर टाकावी, आणि जत्रेपूर्वी टाकाऊ अवयवांसाठी खड्डा खणला आहे की नाही, हे गावकऱ्यांस विचारावे. त्या खड्ड्याचा खर्च काहीच नाही. तो न खणण्याची किंमत मात्र एखाद्या घरास पुढे इस्पितळात मोजावी लागते.